साठीचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावी जाऊन तेथील वयस्क मंडळींची आधार कार्डे एकत्र मांडून पाहिली, तर एक मौजेची गोष्ट दृष्टीस पडते. जिंतूरचा शेतकरी, मानवतचा कापसाचा अडत्या, गंगाखेडचा निवृत्त पोस्टमन आणि सेलूचा शिंपी ह्यांचा परस्परांशी नात्याचा वा जातीचा काही संबंध नसतो. तरी ह्यांतील पुष्कळांचा जन्म एकाच दिवशी, म्हणजे १ जून रोजी, झालेला आढळतो. परक्या मनुष्यास वाटेल की, ह्या प्रांतात त्या दिवशी काही विलक्षण ग्रहयोग येत असावा. वस्तुतः तो योग ग्रहांचा नसून शाळेतील गुरुजींच्या लेखणीचा होय.

पूर्वी मुलास शाळेत घालावयाचे म्हणजे बाप त्याचा हात धरून जून महिन्यात शाळेच्या दारी येई. गुरुजी विचारीत, “जन्म केव्हाचा?” बाप डोके खाजवून म्हणे, “पोळ्याच्या आगेमागे झाला असेल.” मग गुरुजी मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. बोटे कानास पोहोचली की मुलगा सहा वर्षांचा झाला असे समजावयाचे, चालू सालातून सहा वजा करावयाचे, आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते म्हणून दाखल्यावर १ जून ही तारीख घालून मोकळे व्हावयाचे! जन्ममृत्यूंच्या नोंदीचा सक्तीचा कायदा देशात झाला तो १९६९ साली. तेव्हा आज ज्यांची साठी भरत आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्या कायद्याच्या अगोदरचा आहे. गुरुजींनी दिलेली ही तारीखच पुढे नोकरीच्या पुस्तकात, बँकेत, मतदारयादीत आणि अखेर आधार कार्डावर येऊन बसली. राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांस ५८ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला मनुष्य आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरसाल ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते.

ह्या कागदी तारखेहून वेगळी अशी आणखी एक जन्मतारीख प्रत्येकास असे. ती आईच्या ध्यानात असे. हा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागदांवर फसली सन चाले आणि त्याचे महिने आजूर, दय, बहमन असे असत. ते महिने खेड्यातील मायबाईच्या जिभेवर कधी बसले नाहीत. ती आपल्या लेकरांची वये निराळ्या पंचांगावर मोजी. थोरला रझाकारांच्या धामधुमीत झाला, तेव्हा गाव सोडून शेतात राहावे लागले होते. धाकटा बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडावयास जाण्याच्या दिवसांत. मधली मुलगी ज्वारीच्या सुगीत. ह्या पंचांगात तारीख नसे. परंतु जन्माच्या वेळी घरात काय होते, काय नव्हते, पाऊस पडला होता की नाही, सुईण कोठून आणली, हे सारे असे. मनुष्य साठीस पोहोचतो तेव्हा बहुधा ती माउली ह्या जगात नसते. त्याचा जन्म पाहिलेले कोणीही मागे उरलेले नसते. आपल्या जन्माचा साक्षीदार संपला आणि दाखल्यावरील तारीख तेवढी उरली, ही जाणीव साठीच्या उंबरठ्यावरच प्रथम येते. वाढदिवसाच्या गडबडीतही वयस्क मनुष्य मध्येच गप्प का होतो, ह्याचे एक कारण हे असू शकेल.

आता साठ ह्याच आकड्यास इतके महत्त्व का, हे पाहू. आपल्या पंचांगात साठ संवत्सरे आहेत. प्रभवापासून क्षयापर्यंत ती एकामागून एक येतात आणि मग पुन्हा प्रभव लागतो. शके १८८७ मध्ये, म्हणजे १९६५ च्या पाडव्यास, विश्वावसू संवत्सर सुरू झाले होते. तेच नाव शके १९४७ मध्ये, २०२५ च्या पाडव्यास, फिरून आले. ह्याच्या मुळाशी आकाशातील हिशेब आहे. गुरू सुमारे बारा वर्षांत आणि शनी सुमारे तीस वर्षांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतो. साठ वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या होतात, आणि दोन्ही ग्रह मनुष्याच्या जन्मकाळी जेथे होते त्याच्या आसपास पुन्हा येतात. अर्थात साठावे वर्ष पुरे करणारा मनुष्य आपल्या जन्मसंवत्सराचे नाव दुसऱ्यांदा ऐकतो. तिसऱ्यांदा ऐकण्याचे भाग्य जवळजवळ कोणाच्याच वाट्यास येत नाही.

धर्मशास्त्राने ह्या टप्प्यांस नावेही दिली आहेत. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांती, साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भौमरथी, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री, आणि पुढे सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. त्या मानाने हजार पूर्णचंद्र पाहावयास सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. ‘शांती’ हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या पूर्वजांनी वाढत्या वयाचा उत्सव करण्यापूर्वी त्याची शांती केली. त्या वयाविषयी त्यांच्या मनात आनंदाबरोबर भीतीही होती, आणि त्यांनी ती लपविली नाही.

तशी भीती वाटावयास कारणही होते. १९४१ ते १९५१ ह्या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या घरात होते. ह्याच भागातील सातोना गावी १९१३ साली जन्मलेले कवी आणि कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ साली वारले. मराठवाड्याच्या ह्या थोर लेखकास पुरती चाळीस-एक वर्षे मिळाली. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास आले आहे, आणि २०११ च्या शिरगणतीत साठीवरील माणसांची संख्या दहा कोटींवर गेली. पूर्वी पंचक्रोशीत एखाद्याचीच साठी साजरी होई. आता प्रत्येक आळीत होते. तेव्हा साठी गाठली हे आता नवल राहिलेले नाही. साठीनंतरची वीस-पंचवीस वर्षे घरात कोणत्या नात्याने काढावयाची, हा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही शांतीच्या पोथीत लिहिलेले नाही.

त्या दिवशी घरात काय घडते ते पाहा. पुण्यामुंबईहून मुले रात्रीच्या गाडीने परभणीच्या स्थानकावर उतरतात. कार्यालय ठरलेले असते, चौकात भलामोठा फलक लागतो. पाटावर बसवून साठ दिव्यांनी औक्षण होते. नातवंडांच्या आग्रहाखातर केकही कापला जातो. शेजारच्या पाटावर पत्नी बसलेली असते, कारण तिच्यावाचून शांतीचा संकल्प होत नाही. परंतु तिची स्वतःची साठी केव्हा झाली, हे जमलेल्या पाहुण्यांपैकी कितीजणांस सांगता येईल? जी शाळेतच गेली नाही, तिला गुरुजींची १ जूनही मिळाली नाही. अशा कित्येकींच्या कार्डावर जन्माचे नुसते सालच छापलेले असते. तिची साठी बहुधा स्वयंपाकघरात, कोणास न कळता, होऊन गेलेली असते.

महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या शंभराव्या वाढदिवसाचे कौतुक १९५८ साली साऱ्या देशाने केले. त्याच वर्षी त्यांस ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. अण्णा कर्वे ५६ व्या वर्षी, १९१४ साली, फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि ५८ व्या वर्षी, म्हणजे आज जेथे नोकरदाराचा निरोपसमारंभ होतो त्याच वयात, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. एकाहत्तराव्या वर्षी ते जगप्रवासास निघाले. परंतु ह्या दीर्घ उद्योगाच्या मागे घराचा गाडा कोणी ओढला? १८९३ साली ज्यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे ह्यांनी. मिळकतीतील मोठा भाग संस्थेकडे जाई आणि संसाराची ओढाताण बायांच्या वाट्यास येई. ‘माझे पुराण’ ह्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली आहे. १९५० साली बाया वारल्या. अण्णांच्या शताब्दीचा सोहळा पाहावयास त्या नव्हत्या. कोणाही कर्त्या पुरुषाच्या साठीचा हिशेब मांडताना पत्नीचे खाते वेगळे उघडले पाहिजे, हा बोध ह्या थोर दांपत्याच्या आयुष्यातूनच मिळतो.

ह्याच्या उलट तऱ्हेचे एक उदाहरण परभणीच्याच मातीतले आहे. कडोळी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. परंतु १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत असे. तेथे १९१६ साली नानाजी देशमुख ह्यांचा जन्म झाला. १९७७ साली ते लोकसभेवर निवडून आले, देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले, आणि साठी उलटलेल्यांनी सत्तेपासून दूर होऊन समाजाचे काम करावे, असे सांगून ते स्वतः राजकारणातून बाजूस झाले. पुढील तीसएक वर्षे त्यांनी गोंडा आणि चित्रकूट येथील खेड्यांत घालविली. २०१० साली, ९३ व्या वर्षी, ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देहही वैद्यकीय अभ्यासाकरिता देण्यात आला. त्यांच्या राजकीय मतांविषयी कोणाचे काहीही म्हणणे असो; हाती आलेली सत्ता साठीच्या नावाने खाली ठेवणारी माणसे थोडी, हे सर्वांस मान्य व्हावे.

एकाने साठीच्या सुमारास नवे काम हाती घेतले, दुसऱ्याने हातातले सोडले. दोघांनीही वयास साजेल असा निर्णय आपण होऊन केला. परंतु नानाजी अविवाहित होते आणि अण्णांचे घर संस्थेस वाहिलेले होते. ज्याच्या नावावर सात एकर काळी जमीन आहे, दोन मुले आहेत, एक सून चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाबरोबर गेली आहे आणि दुसरी घरी आहे, अशा सामान्य गृहस्थाने काय करावे?

त्याच्यापुढे दोन चुका वाढून ठेवलेल्या असतात. पहिली चूक मूठ न उघडण्याची. पंचेचाळिशीस आलेला मुलगा शेतात राबतो. परंतु सोयाबीन पेरावे की कापूस लावावा, बैल विकावा की ठेवावा, ह्याचा निकाल अजून म्हाताराच देतो. कोठीची किल्ली सासूच्या कमरेस असते आणि सून साखरेकरिता हात पसरते. अशा घरात वडील माणसाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना मुखाने होते, मनाने होतेच असे नाही. दुसरी चूक त्याहूनही घातक. साठीच्या समारंभाच्या भरात, किंवा भावाभावांचा वाद मिटावा म्हणून, सातबाऱ्यावरील आपले नाव कमी करून घ्यावयाचे, राहते घर लिहून द्यावयाचे, आणि मग उरलेले आयुष्य दर महिन्यास ह्या मुलाच्या दारातून त्या मुलाच्या दारी काढावयाचे. जेवणाचे ताट मिळते. परंतु ते कोणाच्या पाळीचे आहे ह्याची चर्चाही त्याच ताटाबरोबर कानी पडते.

ह्या दुसऱ्या चुकीवर सरकारने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा करून उपाय योजिला आहे. त्यात साठ वर्षांवरील मनुष्यास ज्येष्ठ नागरिक म्हटले आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते देणे रद्द ठरविता येते. निर्वाहाकरिता दरमहा रक्कमही मागता येते. मात्र दानपत्र करताना सांभाळाची अट त्यात स्वच्छ शब्दांत लिहून घेणे शहाणपणाचे. कारण तोंडी भरवसा कचेरीत सिद्ध करता करता पुरेवाट होते. “मुलाशी काय करारनामा करावयाचा?” असे म्हणून पुष्कळ बाप लाजतात. परंतु ज्या मुलाच्या मनात सांभाळ करावयाचा आहे, त्यास ती ओळ वाचून राग येण्याचे कारण नाही. शिवाय, मुलाच्या विरुद्ध अर्ज घेऊन कचेरीची पायरी चढावी लागू नये म्हणूनच ती ओळ लिहावयाची असते. एकदा आई-मुलगा अर्जदार आणि सामनेवाला म्हणून उभे राहिले, की हुकूम कोणाच्याही बाजूने होवो, घर गेलेलेच असते.

ह्या दोन्ही चुकांच्या मधून जाणारी वाट आहे, आणि ती पुष्कळ घरांतून शहाणी माणसे चालतही असतात. अधिकार द्यावा, आधार ठेवावा. शेताचा निर्णय मुलाकडे द्यावा; घरातील एक खोली, थोडी ठेव, पेन्शन असल्यास तिचे पुस्तक, ही आपल्या हाती राहू द्यावी. आणि कोठीची किल्ली, ती पडून जाण्याची वाट न पाहता, सणाच्या दिवशी आपल्या हाताने सुनेच्या हाती द्यावी. मागून घेतलेली किल्ली आणि देऊन टाकलेली किल्ली एकच कुलूप उघडते. परंतु घरातील वारे त्यामुळे निराळे वाहते.

स्वतःच्या हाती थोडे काही असण्याचे मोल केवढे असते, हे पाहावयाचे असेल त्याने परभणीच्या बसस्थानकावर तासभर बसावे. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून पंचाहत्तर वर्षांवरील माणसांस फुकट प्रवास करू देण्याची योजना २०२२ साली सुरू झाली. तेव्हापासून लुगड्याच्या पदरात आधार कार्ड बांधून निघालेल्या आजीबाई ह्या स्थानकास नव्या नाहीत. एखादी सोनपेठच्या लेकीकडे निघालेली असते, एखादी पालमच्या बहिणीकडे, एखादी पंढरीस. ह्यांच्यापैकी कित्येकींस उभ्या जन्मात भाड्याच्या पैशांकरिता अगोदर बापाकडे, मग नवऱ्याकडे, मग मुलाकडे पाहावे लागले. तिकिटाचे पैसे थोडेच असतात. परंतु “मी उद्या लेकीकडे जाते” असे ती आता सांगते, पूर्वी ती विचारीत असे. ज्या कार्डावर तिच्या जन्माची धड तारीखही नाही, त्याच कार्डाने तिला ही मोकळीक दिली. घरातील मुलांनी ह्यापासून एवढेच शिकावे की, आईच्या हाती दरमहा काही रक्कम न मागता ठेवावी आणि तिचा हिशेब विचारू नये.

पैशाहून अधिक लागते ती विचारपूस. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्या पंढरीस नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या. रक्ताचे नाते नव्हते, मालमत्तेत वाटा नव्हता. त्यांचे जन्मसाल कोणी लिहून ठेवले नाही. तरी त्या घराचे नाव घेताना जनाबाईंचे नाव घेतल्यावाचून महाराष्ट्रास पुढे जाता येत नाही. जाते, दळण, शेणी ह्या रोजच्या कामांतून त्यांनी त्या घरात आपली जागा केली. वयस्क माणसाची घरातील जागा वयाच्या आकड्याने आपोआप राखली जात नाही. ती थोड्याशा कामाने राहते. नातवास शाळेत पोहोचविणे, गोठ्याकडे नजर ठेवणे, संध्याकाळी निरांजन लावणे, पाढे म्हणून घेणे ही कामे लहान दिसतात. परंतु त्यांच्यावाचून मनुष्य घरात असूनही पाहुणा होतो. पुष्कळ प्रेमळ मुले “आबा, तुम्ही आता काही करू नका, स्वस्थ बसा” असे म्हणून आपण मोठी सेवा केली असे समजतात. स्वस्थ बसविलेला मनुष्य लवकर खचतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

३१ मे रोजी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेल्या मनुष्याच्या आयुष्यात एक आठवडा मोठा कठीण जातो. सकाळी दहा वाजता कोठे जावे हे त्यास कळत नाही. नेमका त्याच आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. आकाशात ढग जमतात आणि साऱ्या जिल्ह्यात पेरणीची लगबग सुरू होते. त्या वेळी शेताचा कारभार पाहणाऱ्या मुलाने ओसरीवर येऊन, “आबा, ओल किती गेली म्हणजे पेरावे? तुमचा काय अंदाज?” एवढे विचारावे. उत्तर त्यास ठाऊक असेल, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही त्याच्या फोनवर आलेला असेल. तरीही विचारावे. आणि आबांनी आपला अंदाज सांगून, “पण तुला योग्य वाटेल तसे कर,” असे म्हणावे, आणि मुलाने खरोखरीच तसे केले तर मनात धरू नये. ज्या घरात हे दोन्ही घडते, तेथे साठीचा हिशेब जुळला असे समजण्यास हरकत नाही.